मेदाची भाषा आणि ‘ड’ जीवनसत्त्व

(देवस्थानच्या वार्षिक व्याख्यानमालेत अग्रशाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर देवस्थानचा इतिहास, संतवाङ्मय, संगीत अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत वैद्यकाच्या एका निवृत्त शिक्षकाला बोलावून चिटणीसांनी थोडे धाडसच केले आहे. विषय कोणता घ्यावा असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर, हल्ली जत्रेला आलेले महाजन एकमेकांना भेटले की ‘दर्शन झाले का’ हे विचारण्याआधी ‘तुमचे डी किती आले’ असे विचारतात. त्यावरच बोला.” यातला विनोद सोडला तरी गोष्ट खरी आहे. मुंबई, पुणे, बेळगाव येथून आलेल्या आणि गोव्यातच राहिलेल्या आपल्या घरांतून आज असे घर विरळा, जेथे फडताळात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या किंवा गोळ्या नाहीत.

त्या पुड्यांबरोबर एक समजूतही घरोघर आली आहे. ती अशी: अंगातले ‘ड’ कमी झाले म्हणून वजन वाढले, वजन वाढले म्हणून मधुमेह मागे लागला, तेव्हा ‘ड’ भरून काढले की चरबी आणि चरबीतून निघणारी संप्रेरके आपोआप ताळ्यावर येतील. ही समजूत अडाण्यांची नव्हे. काही वर्षे मीही तिला मान डोलावीत होतो आणि त्याची किंमत माझ्या घरातल्या एका माणसाला मोजावी लागली. तो प्रसंग मी पुढे सांगणारच आहे. परंतु तो नीट कळावा म्हणून आधी दोन गोष्टींची ओळख करून घेऊ: ‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे काय, आणि मेद म्हणजे काय.

‘ड’ची कथा मुडदूस या रोगापासून सुरू होते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील मुलांची हाडे मऊ पडून पाय धनुष्यासारखे वाकू लागले. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने या रोगावर ग्रंथच लिहिला. पुढे कारखान्यांचा धूर वाढला, गल्ल्या अरुंद झाल्या, तसा रोगही वाढला. १८२२ साली पोलंडमधील श्न्यादेत्स्की या वैद्याने असे नमूद केले की, वॉर्सा शहरातील मुलांना मुडदूस होतो, आसपासच्या खेड्यांतील मुलांना तो क्वचितच होतो, आणि हा फरक उन्हाचा असावा. त्याचे म्हणणे त्या काळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९१९ साली मात्र दोन ठिकाणी दोन उत्तरे सापडली. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने हा रोग टळतो. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी रोगी मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवले आणि त्यांची हाडे भरून आली. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. किरण एकाच हातावर सोडले तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारते. याचा अर्थ त्वचेत काही पदार्थ तयार होऊन तो रक्तावाटे सर्व शरीरात जात असला पाहिजे.

१९२२ साली अमेरिकेतील मॅक्कॉलम यांनी माशाच्या तेलातील या द्रव्याला वेगळे ओळखले. अ, ब, क ही अक्षरे आधीच वाटली गेली होती. म्हणून याच्या वाट्याला चौथे अक्षर आले, ‘ड’. १९२८ साली या वर्गातील द्रव्यांच्या रसायनशास्त्रासाठी जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण नाव पडले ते चुकीचे पडले. जीवनसत्त्व म्हणजे शरीराला लागणारे, परंतु शरीराला स्वतः तयार न करता येणारे द्रव्य. ‘ड’ तर ऊन मिळाले की आपल्या त्वचेतच तयार होते. तेथून ते यकृतात जाते व त्याचे एक रूपांतर होते. रक्ततपासणीच्या कागदावर आपण जो आकडा वाचतो तो या यकृतातील रूपाचा. त्यानंतर मूत्रपिंडात दुसरे रूपांतर होऊन खरे कार्य करणारे द्रव्य निर्माण होते. ते कोणते, हे १९७१ साली निश्चित झाले. रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत जाऊन तेथील पेशींना आज्ञा देणाऱ्या द्रव्याला आपण संप्रेरक म्हणतो. त्या अर्थाने ‘ड’ हे संप्रेरकाचे पूर्वरूप होय. आतड्याने अन्नातील कॅल्शियम शोषून घ्यावे, ही त्याची मुख्य आज्ञा. ती घेणारी ग्राहकद्रव्ये शरीरातील इतर अनेक पेशींत आढळली आहेत आणि मेदपेशींतही आढळली आहेत. आपल्या आजच्या विषयाचा धागा येथे जुळतो.

आता मेदाकडे वळू. आपल्या गोव्यात पावसाळ्याआधी घरात जी बेगमी करून ठेवतात, तिला पुरुमेंत म्हणतात. सुके मासे, चिंच, मिठाचे खारे, मिरच्या. मेद म्हणजे शरीराचे पुरुमेंत, अडचणीच्या दिवसांसाठी साठविलेली मुकी बेगमी, असेच वैद्यकशास्त्र कित्येक वर्षे मानीत आले. मी विद्यार्थी असताना शरीररचनेच्या तासाला चरबी बाजूला सारून ‘महत्त्वाचे’ अवयव शोधायला आम्हाला शिकवीत. ती चरबी स्वतःच बोलते, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ते ध्यानी आले उंदरांमुळे. अमेरिकेतील मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९५० साली एका विलक्षण लठ्ठ उंदराच्या वाणाची नोंद झाली. हे उंदीर थांबतच नसत, सतत खात. १९६६ साली तेथेच आणखी एक वाण आढळले, तेही लठ्ठ आणि मधुमेही. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडून पाहिले. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराशी जोडला, तर लठ्ठाचे खाणे कमी झाले. दुसऱ्या वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराशी जोडला, तर निरोगी उंदरानेच अन्न सोडले आणि तो उपासमारीने मेला. कोलमन यांनी याचा जो अर्थ लावला तो त्यांच्या बुद्धीची साक्ष देतो. रक्तातून ‘पुरे झाले’ असा निरोप फिरत असतो. पहिल्या वाणाच्या उंदराला तो निरोप तयार करता येत नाही, आणि दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या रक्तात निरोपाचा पूर आलेला असतो, आणि तो पूर शेजारच्या निरोगी उंदराची भूक मारून टाकतो.

हा निरोप म्हणजे नेमके कोणते द्रव्य, हे कळायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने ते जनुक शोधून काढले, आणि ‘सडपातळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या संप्रेरकाला लेप्टिन हे नाव दिले. ते मेदपेशींतच तयार होते. मेद वाढला की लेप्टिन वाढते आणि मेंदूला कळते की, कोठार भरले आहे. लवकरच आणखी एक संप्रेरक सापडले, ॲडिपोनेक्टिन. याची रीत उलटी आहे. मेद वाढतो तसे हे कमी होते. इन्शुलिनचे काम सुकर करणे हा याचा गुण. म्हणून ते घटले की मधुमेहाची वाट मोकळी होते. एवंच मेद हे मुके कोठार नव्हे, तर ती एक बोलकी अंतःस्रावी ग्रंथी आहे.

लेप्टिनचा शोध लागला तेव्हा जगभर केवढा हर्ष झाला! आता लठ्ठपणावर औषध मिळाले असे सर्वांना वाटले. इंग्लंडमध्ये एका कुटुंबातील मुलांना जन्मतः लेप्टिन तयार करता येत नव्हते. त्यांच्यापैकी नऊ वर्षांच्या एका मुलीला वर्षभर लेप्टिनची सुई दिल्यावर तिचे वजन सुमारे १६ किलोने उतरले. ही हकीकत १९९९ साली प्रसिद्ध झाली. परंतु त्याच वर्षी सामान्य लठ्ठ माणसांवरील चाचणीचे निष्कर्षही आले आणि ते निराशाजनक होते. कारण सामान्य लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन कमी नसतेच. ते मुळातच भरपूर असते. मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. देवळात रोज चौघडा वाजतो. शेजारी राहणाऱ्याला पुढे तो ऐकू येईनासा होतो. तशातलाच हा प्रकार. येथे एक धडा होता. एखादे द्रव्य शरीरात महत्त्वाचे आहे, एवढ्यावरून ते बाहेरून दिल्याने रोग जाईलच असे नाही. दुर्दैवाने ‘ड’च्या बाबतीत आपण तो धडा विसरलो.

आता दोन्ही धागे एकत्र आणू. लठ्ठ माणसांच्या रक्तात ‘ड’ कमी असते, हे निरीक्षण पक्के आहे. मेदपेशींत ‘ड’ची ग्राहकद्रव्ये आहेत, हेही पक्के आहे. प्रयोगशाळेत मेदपेशींवर ‘ड’ सोडले तर त्यांच्या स्रावात फरक पडतो. मात्र कोठे तो वाढतो, कोठे घटतो. एवढ्या सामग्रीवर तर्क उभा राहिला की, ‘ड’च्या अभावी मेद बिघडतो आणि ‘ड’ दिल्याने तो सुधारेल. तर्क सुरेख होता. पण कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढ्यावरून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. आपल्या पूर्वजांनी याला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. येथे तर त्याहून सूक्ष्म प्रश्न होता: कारण कोणते आणि कार्य कोणते?

याचे पहिले उत्तर २००० साली अमेरिकेतून आले. लठ्ठ आणि सडपातळ अशा दोन गटांतील माणसांना सारखेच अतिनील किरण दिले. दोघांच्याही त्वचेत ‘ड’ तयार करण्याची शक्ती सारखीच होती. तरीही लठ्ठ माणसांच्या रक्तात ‘ड’ची जी वाढ झाली ती इतरांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होती. मग तयार झालेले ‘ड’ गेले कोठे? ‘ड’ हे तेलात विरघळणारे द्रव्य आहे. ते मेदात शिरून बसले. शिवाय देह मोठा म्हणजे त्याचे पात्रही मोठे. एकच वाटी गूळ घागरभर पाण्यात टाकला तर तांब्यातल्याइतकी गोडी कशी येणार? म्हणजे ‘ड’ कमी झाल्यामुळे मेद वाढला असे नव्हे. मेद वाढल्यामुळे रक्तातील ‘ड’ कमी दिसते.

दुसरे उत्तर २०१३ साली आले आणि ते अधिक निर्णायक आहे. अनेक देशांतील ४२ हजार माणसांच्या जनुकांचा अभ्यास झाला. वजन वाढविण्याकडे कल असलेली जनुके माणूस जन्मतःच घेऊन येतो. ‘ड’ कमी ठेवणारी जनुकेही जन्मतःच येतात. पहिल्या प्रकारची जनुके असलेल्यांत ‘ड’ कमी आढळले. दुसऱ्या प्रकारची जनुके असलेल्यांत मात्र वजन वाढलेले आढळले नाही. कारण आणि कार्य यांची अदलाबदल कोठे झाली होती, हे यावरून उघड झाले.

तिसरे उत्तर प्रत्यक्ष औषध देऊन मिळवावयाचे. चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करावयाचे. एकाला ‘ड’ द्यावयाचे, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. अशा चाचण्यांतील लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन यांचे आकडे २०१६ साली एकत्र करून पाहिले गेले. ‘ड’ दिल्याने दोहोंपैकी कशातही नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक प्रौढांना दररोज २,००० एकके ‘ड’ किंवा नुसती गोळी देणारी मोठी चाचणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०१८ साली आले. कर्करोग आणि हृदयरोग या दोहोंचेही प्रमाण ‘ड’ने कमी झाले नाही. २०२२ साली त्याच चाचणीतून दिसले की, एरवी निरोगी असलेल्यांची हाडे मोडण्याचे प्रमाणही त्याने घटले नाही. २०२३ साली त्याच माणसांच्या रक्ताची वजनानुसार तपासणी झाली, तेव्हा लठ्ठ माणसांत त्याच मात्रेने ‘ड’ कमी वाढते, हे पुन्हा दिसून आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दररोज ४,००० एकके घेणाऱ्यांत मधुमेह थोडा कमी झाला, परंतु तो फरक योगायोगाचा नव्हे असे खात्रीने म्हणता आले नाही. पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र केल्यावर या उंबरठ्यावरील माणसांना किंचित लाभ संभवतो असे दिसले, आणि २०२४ सालच्या अमेरिकी तज्ज्ञांच्या शिफारशीत त्यांचा समावेश झाला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका बाजूचेच सांगणे योग्य नव्हे. पण त्याच शिफारशीत असेही म्हटले आहे की, निरोगी प्रौढांनी उगाच ‘ड’ची तपासणी करीत बसू नये.

आता घरचा प्रसंग सांगतो. माझ्या थोरल्या वहिनी मडगावला असतात. वय सत्तरीच्या घरात, देह पहिल्यापासून स्थूल, गुडघे दुखतात. तपासणीत ‘ड’ कमी निघाले. डॉक्टरांनी साठ हजार एककांची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी लिहून दिली. यात काही गैर नव्हते. त्या रात्री वहिनींचा मला दूरध्वनी आला. “भाऊजी, हे घेतल्याने अंगातली चरबी उतरेल ना हो?” मी गडबडीत होतो. “उतरेल, ‘ड’ कमी असले की वजन वाढतेच,” असे म्हणून मी मोकळा झालो. पुडी कधी आणि किती घ्यावयाची आहे, हे मी विचारले नाही.

वहिनींनी त्या पुड्या रोज घेतल्या. चिठ्ठीवरचे अक्षर घाईचे होते. दुकानदाराने पुड्या हातावर ठेवल्या, पण कशा घ्यायच्या ते सांगितले नाही. आणि मी, डॉक्टर असलेला दीर, वजन उतरेल असे सांगून बसलो होतो. वजन उतरवावयाचे तर औषध रोज घ्यावे हा त्यांचा हिशेब सरळ होता. आठ दिवसांत पुड्या संपल्या. त्यांनी आणखी मागविल्या, आणि चिठ्ठी न पाहता त्या मिळत गेल्या. असे अडीच महिने चालले. मग तहान लागू लागली, पोट साफ होईना, अन्नावरची वासना उडाली, ओकाऱ्या सुरू झाल्या. एका सकाळी त्यांनी माझ्या भावालाच ओळखले नाही. रुग्णालयात रक्तातील कॅल्शियम पाहिले तेव्हा ते धोक्याच्या पलीकडे गेलेले होते आणि मूत्रपिंडांवरही ताण आला होता. मी मडगावला पोहोचलो तेव्हा भावाने पुड्यांचा रिकामा डबा माझ्यापुढे ठेवला. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे झाले असते.

हिशेब करून पाहा. डॉक्टरांनी सांगितली होती एकूण चार लाख ऐंशी हजार एकके. वहिनींच्या पोटात गेली सुमारे पंचेचाळीस लाख. सलाईन आणि औषधे यांनी त्या वाचल्या, शुद्धीवर आल्या. पण पुड्या बंद केल्या म्हणजे विषय संपला असे झाले नाही. कॅल्शियम पुरते खाली यायला कित्येक महिने लागले. कारण तेच, जे आपण आता पाहिले. मेद हे ‘ड’चे कोठार आहे, जे त्यात भरले ते हळूहळूच बाहेर येते. ज्या मेदाला बदलण्यासाठी त्या औषध घेत होत्या, त्याच मेदाने ते विष महिनोन्‌महिने जपून ठेवले. चरबी मात्र तसूभरही हलली नाही. वजनात जी काही घट झाली ती ओकाऱ्यांची. आज वहिनी बऱ्या आहेत. हा प्रसंग सभेत सांगू का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सांगा, भाऊजी. निदान माझ्या नावाने कुणाचा तरी डबा रिकामा होईल.” म्हणून मी तो सांगितला.

याचा अर्थ ‘ड’ घेऊच नये असा कोणी करू नये. मुडदूस झालेले बालक, हाडे मऊ पडलेली स्त्री, गर्भवती, पंच्याहत्तरी ओलांडलेले वृद्ध, घराबाहेर न पडणारे अंथरुणावरचे रुग्ण, यांना ‘ड’ हे वरदान आहे. आपल्या देशात ऊन आहे म्हणून त्याचा अभाव नसेल असेही समजू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासात २००० साली निरोगी माणसांतही ‘ड’ कमी आढळले. उन्हात राबणाऱ्या सैनिकांत ते तुलनेने बरे होते. दुपारी घराच्या सोप्यावर सावलीत बसणे म्हणजे ऊन घेणे नव्हे, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात तर ‘ड’ तयार करणारे किरण येतच नाहीत. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्यातील बलक यांत थोडेफार ‘ड’ असते. शाकाहारी ताटात ते नसल्यासारखेच. तेव्हा गरज असेल तर औषध घ्यावेच. मात्र ते हाडांसाठी घ्यावे आणि मोजून घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांची रोजची गरज ६०० एकके मानली आहे. साठ हजारांची एक पुडी म्हणजे शंभर दिवसांची गरज, एवढा एकच आकडा आपण येथून घरी नेलात तरी माझे येणे सार्थकी लागले. स्थूल माणसाला रक्तातील पातळी वाढविण्यासाठी दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते हे खरे. पण ती ठरविणे डॉक्टरांचे काम आहे, शेजाऱ्याचे नव्हे, आणि दूरध्वनीवरील दिराचेही नव्हे. एकदम भरमसाट देऊन काम उरकावे तर तेही अंगाशी येते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके देऊन पाहिली. २०१० सालच्या निष्कर्षात त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढलेलेच दिसले.

राहिला प्रश्न मेदाच्या भाषेचा. ती बदलावयाची तर मेदच कमी करावा लागतो. त्याला पुडी नाही. मेद उतरू लागला की ॲडिपोनेक्टिन वाढू लागते, आणि ‘ड’ची पातळीही थोडी सुधारते. लेप्टिन मात्र घटते, आणि मेंदूला वाटते की दुष्काळ आला. म्हणून भूक वाढते. वजन उतरविणाऱ्या माणसाची चिकाटी सुटते ती नेहमीच त्याच्या आळसामुळे नव्हे, हे घरातल्यांनी लक्षात ठेवावे आणि त्याला टोमणे मारू नयेत.

आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट जाणली पाहिजे. वजनकाटा आपल्याला फसवितो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बाळाचे ३.५ किलो. पण पुण्याचे बाळ स्नायूंनी आणि उंचीने जितके कमी होते तितके चरबीने कमी नव्हते. नाळेच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा वजनाच्या मानाने लेप्टिन आणि इन्शुलिन अधिक होते. म्हणजे मेदाची ही भाषा आपण पाळण्यातच बोलू लागतो. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन अगदी सारखे. पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात मेद निघाला ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा ‘मी कोठे जाड आहे?’ असे म्हणणाऱ्याने काट्यापेक्षा कमरेच्या पट्ट्याचा विचार करावा, आणि गर्भवती सुनेच्या ताटाकडे सर्वांनी लक्ष द्यावे.

माझे सांगणे थोडक्यात असे. रक्तात ‘ड’ कमी दिसणे हे मेदवाढीचे कारण नसून बहुतांशी तिचा परिणाम आहे. म्हणून ‘ड’ची पुडी हाडांचे औषध आहे, मेदाचे नव्हे. कारण आणि परिणाम यांची गल्लत पुस्तकात झाली तर पान सुधारता येते; घरात झाली तर माणूस जातो. माझ्या घरात तो जाता जाता राहिला.

घरी गेल्यावर आपले फडताळ उघडावे, पुडीवरचा आकडा वाचावा, घरातल्या वृद्धांना ती किती दिवसांनी घ्यायची ते शांतपणे विचारावे. हे काम आजच करावे.